मनाचा तग

वसंत व्याख्यानमाला हे नाव आमच्या वऱ्हाडात थोडे थट्टेचेच आहे. पुण्याकडे वसंत म्हणजे मोगरा आणि कोकिळा; अकोल्या-अमरावतीकडे तो पारा ४३-४४ अंशांवर नेऊन ठेवतो, आणि श्रोते दिवेलागणीनंतर, अंगण शिंपून झाल्यावरच घराबाहेर पडतात. तरीही ते पडतात आणि दीड-दोन तास बसून ऐकतात, ह्याचा आम्हांला नेहमी आदर वाटत आला आहे. शेतीच्या दृष्टीने हा काळ मोठा चमत्कारिक. पऱ्हाटीची उलंगवाडी झालेली असते, कापूस विकून झालेला असतो, कोणाच्या हाती काय उरले त्याचा हिशेब घराघरांत लागलेला असतो, आणि मृगाच्या पेरणीला पैसा कोठून उभा करावयाचा ही चिंता सुरू झालेली असते. मनावरच्या आघातांविषयी बोलावयाचे तर ह्याहून योग्य महिना नाही.

आम्ही डॉक्टर नव्हे आणि मानसशास्त्राचे प्राध्यापकही नव्हे. जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत, हमालांत आणि गिरणीतल्या माणसांत युनियनचे काम करता करता आमची पन्नाशी उलटली. शाळा लवकर सुटली. जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. तेव्हा पुढील मजकुरात जी माहिती आहे ती शास्त्रज्ञांची आणि जे मत आहे ते आमचे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मन, नैराश्य, आत्महत्या हा विषय आमच्या बैठकांत निघाला की एक आक्षेप हमखास येतो. कोणीतरी मागून उठून म्हणतो, "भाऊ, कापसाले भाव द्या, डोक्याचा डाक्टर कायले पायजे?" शहरातल्या सुखवस्तू मंडळींत बसले की नेमका उलट आक्षेप ऐकावयास मिळतो : कर्ज काय सगळ्यांनाच असते, जो मनाचा खंबीर तो तगतो, जो दुबळा तो जातो. ही दोन मते एकमेकांच्या विरुद्ध दिसतात खरी. पण दोघांच्या पोटात समजूत एकच आहे. बाजार वेगळा आणि मन वेगळे, आणि दोहोंपैकी एकच काय ते खरे कारण असले पाहिजे, ही ती समजूत. गेल्या काही दशकांत ह्या विषयावर जे संशोधन झाले, आणि त्यातले एक महत्त्वाचे तर आमच्याच अमरावती जिल्ह्यात झाले, त्याने ही समजूत पार मोडीत काढली आहे. ते कसे, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

आधी आघाताविषयी. शरीराला मार बसतो तसा मनालाही बसतो, ही गोष्ट लोकव्यवहाराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शास्त्राला ती उशिरा पटली. पहिल्या महायुद्धात खंदकांत लढणारे सैनिक अंगावर जखम नसता थरथरू लागले, कित्येकांची वाचा गेली, कित्येकांची झोप. १९१५ साली चार्ल्स मायर्स ह्या डॉक्टरने 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात ह्या विकाराला 'शेल शॉक' असे नाव देऊन लेख लिहिला. तोफेच्या गोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी अशी प्रथम कल्पना होती. पुढे असे दिसले की, ज्यांच्या जवळपासही गोळा फुटला नव्हता अशांनाही तोच विकार जडतो. लष्कराला मात्र हे मानवण्यासारखे नव्हते. ब्रिटिश सैन्याने त्या युद्धात पळपुटेपणा, भ्याडपणा अशा आरोपांवरून तीनशेंहून अधिक सैनिकांना गोळ्या घालून ठार केले. त्यांत ह्या विकाराने ग्रासलेलेही होते असे आता मानले जाते, आणि २००६ साली ब्रिटिश सरकारने त्यांना मरणोत्तर माफी दिली. माफीला नव्वद वर्षे लागली, आणि ती घेण्यास त्यांच्यापैकी कोणीच उरला नव्हता.

ह्या विकाराला वैद्यकाच्या ग्रंथात पक्की जागा मिळाली ती १९८० साली. त्या वर्षी अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत सूचीत 'आघातोत्तर तणावाचा विकार' दाखल केला. ती जागा आपोआप मिळाली नाही, हे आमच्या धंद्यातल्या माणसाने आवर्जून सांगितले पाहिजे. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले सैनिक १९७० पासून न्यूयॉर्कमध्ये गटागटाने एकत्र बसू लागले होते. आपल्याला रात्री काय दिसते, दार आपटले तरी अंग का दचकते, बायकोमुलांत बसूनही आपण परके का, हे ते एकमेकांना सांगत. रॉबर्ट लिफ्टन, चाइम शॅटन असे डॉक्टर त्यांच्या गटांत येऊन बसत. त्या संघटित माणसांच्या रेट्यामुळे रोगाच्या यादीत रोगाचे नाव आले. एकट्याने सांगितले तर रडगाणे, शंभरांनी सांगितले तर पुरावा, हा अनुभव युनियनमध्ये काम करणाऱ्याला नवा नाही.

ह्या विकाराची लक्षणे थोडक्यात अशी की, घडून गेलेली भयंकर गोष्ट मनाच्या लेखी घडून गेलेलीच नसते. ती स्वप्नात येते, दिवसाउजेडी डोळ्यांपुढे उभी राहते. माणूस ती जागा, ती वाट, तो विषय टाळतो. झोप उडते, राग नाकावर येतो. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे झाले त्यासारख्या आघाताला हे वर्णन चपखल बसते. जमीन एकदा हादरली, हजारो माणसे गेली. जी उरली त्यांना भिंतीच्या आत झोपण्याची भीती वाटू लागली. येथे हेही सांगितले पाहिजे की, असा आघात सोसलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे आप्तांच्या सोबतीत, कामधंद्याला लागून, हळूहळू आपली आपण सावरतात. आपत्तीनंतर लगेच प्रत्येकाला समोर बसवून 'काय काय पाहिलेस ते सगळे सांग' असा आग्रह धरण्याची पद्धत मध्यंतरी फार बोकाळली होती. तिची तपासणी झाली तेव्हा अशा एका बैठकीने पुढचा विकार टळत नाही असे आढळले. कोणी बोलू इच्छित असेल तर ऐकावे; खणून काढू नये.

आता वऱ्हाडाकडे या. 'आघातोत्तर' ह्या शब्दातले 'उत्तर' हे पद येथे अडते. आघात होऊन गेला आणि मग तणाव उरला, असे येथे नसते. जूनमध्ये बी टाकले, पावसाने दडी मारली, दुबार पेरणी. बोंडे धरली तो अळी. अळीतून वाचले तो वेचणीच्या वेळी पाऊस. घरात आले तो भाव पडलेला. त्यातून पूर्णाकाठचा खारपाणपट्टा असला तर विहिरीचे पाणीही पिकाच्या कामाचे नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला तो घाव भरण्यापूर्वी पुढचे घाव आलेच. हा आघात एका पहाटेचा नव्हे. तो हप्त्याहप्त्याने येतो, बँकेच्या नोटिशीसारखा. आणि असा आघात माणसाचे काय करतो ह्याचे सर्वांत चांगले वर्णन आम्हांला जेथे सापडले ते ठिकाण शेतीचे नाही, कापडगिरणीचे आहे.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारियनथाल नावाची एक गिरणवस्ती होती. १९२९-३० च्या मंदीत तेथील गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारी वस्ती बेकार झाली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल ह्या तीन तरुण संशोधकांनी १९३१-३२ च्या हिवाळ्यात आपल्या सहकाऱ्यांसह तेथील ४७८ कुटुंबांची पाहणी केली. नुसते प्रश्न विचारून ते थांबले नाहीत. कोण काय जेवतो, मुले शाळेत डब्यात काय आणतात, हे त्यांनी टिपले. खिडकीआड उभे राहून, हाती घड्याळ घेऊन, रस्त्यावरून जाणारी माणसे किती वेगाने चालतात तेही मोजले. पुरुष हळू चालत आणि पुन्हा पुन्हा थांबत. बायका भराभर चालत, कारण त्यांचे काम सुटलेले नव्हते. सर्वांत विलक्षण गोष्ट वाचनालयाची. माणसांना आता दिवसभर मोकळा वेळ होता, तरी पुस्तके नेणे वाढले नाही, उलट पुष्कळ घटले. बेकारांनी बंड केले नाही, दंगा केला नाही. ते थकले. दिवसाचे तास त्यांच्या हातून निसटून गेले आणि सकाळपासून काय केले हे त्यांना सांगता येईना.

हे पुस्तक १९३३ साली निघाले. ते वाचताना आम्हांला वारंवार वाटले की, हे बडनेऱ्याला किंवा अकोल्यालाच लिहिले असावे. विजय मिल, सावतराम मिल ह्यांच्या भोंग्यावर एके काळी ह्या गावांची घड्याळे लागत. भोंगा बंद झाल्यावर माणसे पिंपळाच्या पारावर कशी बसतात ते आम्ही पाहिले आहे. मागच्या पगाराच्या दाव्याची तारीख असली तरी कागद घेऊन येण्याचा उत्साह उरत नाही. पुढारी त्याला आळस म्हणतात, घरचे त्याला दारू म्हणतात. तो पुष्कळदा आजार असतो, आणि त्याचे कारण मात्र औषधाच्या दुकानात सापडत नाही.

ह्या आजाराचे नाव नैराश्य. पण वऱ्हाडातला माणूस 'मला नैराश्य आले आहे' असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, टेन्शन आहे. मनाले काईच लागत नाई. डोकं जड झालं. झोप येत नाई. बायका अंगदुखी सांगतात, कंबर सांगतात, अशक्तपणा सांगतात, आणि दवाखान्यातून शक्तीची सुई टोचून घरी येतात. नैराश्य म्हणजे दुःख नव्हे. दुःख झालेला माणूस रडतो, चार दिवसांनी उठतो. नैराश्यात दोन-दोन आठवडे, महिना-महिना रोज मन बसलेले राहते, आवडत्या गोष्टीतली गोडी जाते, भूक आणि झोप बिघडते, आपण सगळ्यांवर भार आहोत असे वाटू लागते, आणि त्यातूनच पुढे जगूच नये असा विचार येतो. ह्याची मोजणी करण्यासाठी नऊ प्रश्नांची एक यादी जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, एवढेच प्रत्येक प्रश्नात विचारतात; नववा प्रश्न जगण्यामरण्याचा. ताप मोजावयाला थर्मामीटर, तशी ही यादी. तापाचे कारण ती सांगत नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या ज्या कामाचा वर उल्लेख केला ते असे. 'विश्राम' ह्या नावाने तीस खेड्यांत एक कार्यक्रम राबविण्यात आला. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते, आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकिॲट्री' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कार्यक्रमाची रचना साधी होती. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लहान लहान बैठका घेऊन टेन्शनविषयी बोलावयाचे. ज्याला त्रास अधिक त्याच्या घरी शिकवून तयार केलेल्या समुपदेशकाने जावयाचे. आणि ज्याला औषधाचीच गरज त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पोचवावयाचे. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. वऱ्हाडातल्या रोग्याला मनोरुग्णालय म्हटले की नागपूर आठवते, आणि नागपूरला नेले की गाव त्याला वेडा म्हणून मोकळे होते. येथे उलट झाले : उपचारच आधी माणसाच्या ओसरीवर आला.

आकडे पाहा. आरंभी केलेल्या पाहणीत १,४५६ प्रौढांना प्रश्न विचारले. नैराश्य असलेल्यांपैकी कोणत्याही प्रकारची मदत मिळालेले निघाले शेकडा ४.३. म्हणजे शंभर आजाऱ्यांतले पंचाण्णव एकटे. सुमारे दीड वर्षाने १,८८७ जणांची पाहणी केली तेव्हा मदत मिळालेल्यांचे प्रमाण शेकडा २७.२ वर गेले होते. नैराश्याचे प्रमाण शेकडा १४.६ वरून ११.३ वर आले, आणि मागल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ वर, म्हणजे निम्म्याहून खाली. आणि ही मदत गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष असा भेद न होता पोचली.

पण आकडे पाहून हुरळून जाऊ नये. तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली दुसरी खेडी ह्या अभ्यासात नव्हती. त्यामुळे ही सगळी घट कार्यक्रमामुळेच झाली असे ठामपणे म्हणता येत नाही. एखादे बरे पीकपाणीही त्यात असू शकते. आणि सत्तावीस जणांना मदत मिळाली म्हणजे त्र्याहत्तर जणांना मिळाली नाही, हा हिशेबही आहेच. घरच्या ओसरीवरचे बोलणे खरोखर गुण देते काय, ह्याचा अधिक काटेकोर पुरावा गोव्यातून आला. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीची देखभाल, दुसऱ्याला तिच्याबरोबरच शिकविलेल्या सामान्य कार्यकर्त्याच्या सहा ते आठ भेटी. ह्या भेटींत तत्त्वज्ञान नव्हते. पूर्वी ज्या कामाने बरे वाटे ते काम थोडे थोडे पुन्हा सुरू करावयाचे, अडलेल्या प्रश्नाचे तुकडे करून एकेक सोडवावयाचा, बोलणे बंद झालेल्या माणसाशी पुन्हा बोलावयाचे, एवढेच. तीन महिन्यांनी भेटी मिळालेल्यांपैकी शेकडा ६४ नैराश्यातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटातले ३९.

तेव्हा 'डोक्याचा डाक्टर कायले पायजे' ह्याला आमचे उत्तर तयार आहे. भाव मिळेपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे म्हणून.

परंतु दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्रा ह्यांनी २००६ च्या अहवालात दाखविले की, महाराष्ट्रातील पुरुष शेतकऱ्यांतील आत्महत्यांचे प्रमाण १९९५ साली लाखामागे १५ होते, ते २००४ साली ५७ झाले. नऊ वर्षांत एका प्रांतातल्या माणसांच्या मनाची घडण चौपटीने बिघडत नाही. बिघडते ते दुसरेच काही. त्यांनी पश्चिम विदर्भातली आत्महत्या झालेली घरे आणि तशीच पण आत्महत्या न झालेली घरे ताडून पाहिली. पहिल्या घरांत कर्ज अधिक, पिकाचे मोल कमी, आणि आणखी एक फरक होता जो शहरातल्या अभ्यासकाच्या सहसा ध्यानात येत नाही : त्या घरांत बैल कमी होते. पोळ्याच्या दिवशी ज्याच्या दाराला बैल नाही त्याला काय वाटते, हे येथे बसलेल्या पुष्कळांना सांगावे लागणार नाही. इंडोनेशियात सरकारने गरीब कुटुंबांना रोख मदत देण्याची योजना टप्प्याटप्प्याने आणली. जेथे ती आली तेथे आत्महत्यांचे प्रमाण सुमारे शेकडा १८ ने घटले. तेथे समुपदेशक गेला नव्हता. पैसा गेला होता. आणि श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशके एकामागून एक बाजारातून काढली तेव्हा दहा वर्षांत देशातले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. घरात विष हाताशी नसले तर ती एक रात्र निघून जाते, आणि त्या रात्रीतून वाचलेल्यांपैकी बहुतेक माणसे पुढे आपले आयुष्य जगतात.

बाजार आणि मन ह्यांची ही फाळणी नुसती चर्चेत राहिली असती तर आम्ही एवढे चिडलो नसतो. आमच्याकडे ती सरकारी फॉर्मात शिरली आहे. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाची मदत देण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २००५ मध्ये घेतला. मदत कोणाला? ज्याच्या कुटुंबाच्या नावे शेती, ज्याचे कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे, आणि ज्याचा मृत्यू नापिकीने व वसुलीच्या तगाद्याने झाला त्याला. तो 'पात्र'. दारू, आजारपण, घरातला तंटा असे काही निघाले की 'अपात्र'. अमरावती विभागात २००१ पासून २०२५ च्या आरंभापर्यंत एकवीस हजारांवर शेतकरी आत्महत्यांची नोंद झाली, आणि त्यांतली निम्मी प्रकरणे अपात्र ठरली. एकवीस हजार म्हणजे एक तालुक्याचे गाव. आता विचार करा : कर्जाने झोप उडाली, झोपेसाठी दारू, दारूवरून तंटा. ह्यांतले कोणते कारण खरे? फॉर्म म्हणतो, शेवटचे. शास्त्र म्हणते, ही एकच साखळी आहे. आणि घरचे लोक काय करतात? मदत बुडू नये म्हणून ते आजाराचा शब्दही काढत नाहीत; माणूस जिवंत असतानासुद्धा त्याला डोक्याच्या डॉक्टरकडे नेले तर कागद होईल अशी भीती त्यांना वाटते. एका रकान्याने आजारी माणसाचा दवाखान्याचा रस्ता बंद करावा, ही गोष्ट आम्हांला मोर्चा काढण्यायोग्य वाटते.

राहिला प्रश्न तगण्याचा. सारख्याच संकटात एक मोडतो आणि दुसरा उभा राहतो, हे तर खरेच. ह्या गुणाला इंग्रजीत 'रेझिलिअन्स' म्हणतात, आणि पंडितांनी त्याला 'लवचिकता' हा प्रतिशब्द योजला आहे. आम्हांला तो पसंत नाही. वाकविले तितके वाकणे हा कामगाराचा गुण मालकांच्या लेखी असेल, आमच्या लेखी नाही. शेतकऱ्यापाशी ह्यासाठी जुना शब्द आहे, तग. जुलैत पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की वाटेत भेटेल तो विचारतो, पीक तग धरते काय? ह्यावर 'माझ्या पऱ्हाटीचा निर्धार मोठा आहे' असे उत्तर आम्ही आजवर ऐकलेले नाही. उत्तर येते ते असे : जमीन भारी आहे, ओल धरून आहे, किंवा बरड आहे, करपून गेले. प्रश्न पिकाचा, उत्तर जमिनीचे.

संशोधनाचे म्हणणे नेमके हेच आहे. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर, जेथे उसाच्या मळ्यांत मजुरी चाले, तेथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कित्येक दशके माग ठेवला. गरिबी, बापाचे व्यसन, आईचे आजारपण अशी अनेक संकटे ज्यांच्या वाट्याला आली त्या मुलांपैकी एकतृतीयांश मुले कर्ती-सवरती, धडधाकट निघाली. त्यांच्यात वेगळे काय होते? काही वाटा स्वभावाचा होताच. पण ठळकपणे दिसले ते हे की, प्रत्येकाच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचे मोठे माणूस होते. आजी, मावशी, शेजारीण, मास्तर, कोणीतरी. म्हणजे तग मुलाच्या अंगात जितका होता तितकाच त्याच्या भोवती होता. आमच्या अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले तेव्हा हा शोध अजून लागावयाचा होता. पण समाजाने हाकलून दिलेल्या कुष्ठरोग्याला औषधाबरोबर घर, सोबत आणि हाताला काम लागते हे त्यांना कळले होते.

म्हणूनच शेतकऱ्याच्या विधवेच्या खंबीरपणाचे जे सोहळे होतात ते पाहून आम्हांला संकोच वाटतो. साडीचोळी, श्रीफळ, टाळ्या. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातील अशा ५०५ स्त्रियांची पाहणी केली. शेकडा ४० जणींना शेतजमिनीवर हक्क मिळालेला नव्हता, आणि राहत्या घरावर हक्क मिळालेल्या होत्या फक्त ३५. नवरा गेला, कर्ज राहिले, आणि सातबाऱ्यावर सासऱ्याचे नाव. जिच्या नावे सातबारा नाही तिला पीककर्ज नाही, विमा नाही. ती तग धरून आहे हे खरे. पण ती बरड जमिनीवर उभी आहे, आणि सोहळा करणाऱ्यांपैकी कोणी तिला तलाठ्याच्या कचेरीत सोबत करीत नाही. मक्त्याने शेती करणाऱ्याची गोष्ट ह्याहून वाईट, कारण त्याचे नाव कोणत्याच कागदावर नसते.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला. घरोघरी जाऊन ताणाखाली असलेला शेतकरी ओळखावयाचा आणि त्याला समुपदेशकाकडे न्यावयाचे, ही त्याची कल्पना. कल्पना चांगली आहे, विश्रामच्याच कुळातली. पण घरोघरी जाणार कोण? आशाताई. बाळंतपण, लसीकरण, क्षय, आणि आता मनही. आशा ही सरकारच्या लेखी नोकर नाही, स्वयंसेविका आहे. तिला पगार नसतो, कामागणिक मोबदला असतो. महाराष्ट्रातल्या सत्तर हजारांच्या आसपास आशांना २०२१ च्या जूनमध्ये संप करावा लागला आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा. दुसऱ्याच्या मनाचा भार मोजावयास निघालेल्या बाईला स्वतःच्या घरचे रेशन महिनाअखेर पुरत नसेल, तर ती नववा प्रश्न कोणत्या आवाजात विचारील? समुपदेशनाच्या योजना फसल्या तर दोष शास्त्राला देण्यापूर्वी हा मोबदल्याचा तक्ता पाहावा.

नवव्या प्रश्नाविषयी मात्र शेवटी थोडे सांगितले पाहिजे, कारण तो फक्त आशाताईचा नाही. शेजारी, सालदार, गेटवरचा सोबती महिनाभर गप्प झाला, देणीघेणी उगाच मिटवू लागला, 'माझ्यामागं पोराइकडं लक्ष ठेवजा' असे बोलू लागला, तर त्याला सरळ विचारावे : भाऊ, जिवाचं काही वाईट मनात येते काय? असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरतो ही समजूत खोटी आहे. ती अनेक अभ्यासांत तपासून झाली आहे. विचारल्याने माणूस बहुधा मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नये, फवारणीचे औषध घरातून हलवावे, आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात स्वतः जावे. पोलिसांच्या भीतीने आता कोणी थांबण्याचे कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असेच मानावयास सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट शिक्षा देणारे जुने ३०९ कलम राहिले नाही. नागपूरच गाठावे लागते असेही नाही; जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचा विभाग असतो. रात्री-अपरात्री कोणी नसले तर १४४१६ ह्या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' सेवा चालते. तिला पैसे पडत नाहीत, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.